‘आणि सहकारी’

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक संकेत आहे. चकलीच्या ताटाशेजारी बसून वाचायचा अंक. तेव्हा त्यात तोंड गोड करणारेच लिहावे, असे संपादक म्हणतात आणि शहाणे लेखक ते ऐकतात. संकेत चांगला आहे. पण यंदा तो मोडल्यावाचून मला राहवत नाही. माझे भांडण कोणा माणसाशी नाही, पक्षाशी नाही, धर्माशी तर मुळीच नाही. ते आहे दोन शब्दांशी. गेल्या तीन-चार महिन्यांत हे दोन शब्द तुम्ही पन्नास वेळा तरी वाचले असतील आणि एकदाही तुमची नजर त्यांच्यावर अडखळली नसेल. ते शब्द म्हणजे ‘आणि सहकारी’.

पेणला बसस्थानकातून बाहेर पडा, नाहीतर अष्टमीकडून कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात या. गोकुळाष्टमीपासून दिवाळीपर्यंत एकही नाका मोकळा सापडायचा नाही. गणपती, गौरी, साखरचौथीचे गणपती, नवरात्र, कोजागिरी. प्रत्येकाचा फलक आणि प्रत्येक फलकावर गाण्याचा कार्यक्रम. फलकावर एक गायक असतो. तो पुरुषभर उंच असतो. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात साखळी, हातात माईक आणि नावामागे एखादी पदवी. कोणी सम्राट, कोणी बादशहा, कोणी कोकणचा कोहिनूर. लोकशाहीत एवढे सम्राट कोठून आले, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. त्या सम्राटाच्या पायाशी, मुंगीच्या अक्षरांत, ते दोन शब्द असतात: ‘आणि सहकारी’.

हे सहकारी कोण? त्यांत एक ढोलकीवाला असतो. एक बॅन्जोवाला असतो, एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅड बडवणारा, एक कच्छी ढोलवाला, एक झांज-खुळखुळा सांभाळणारा आणि मागे कोरसला उभ्या असलेल्या दोन-तीन मुली. म्हणजे आठ-नऊ जिवंत माणसे. त्यांना आईबाप आहेत, घर आहे, शाळेत जाणारी पोरे आहेत. नावे मात्र नाहीत. जन्माला आल्यावर बाराव्या दिवशी पाळण्यात घालून यांचीही नावे ठेवली होती. पण रंगमंचावर चढताना ती पायऱ्यांपाशी उतरवून ठेवावी लागतात.

मी कोण, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा स्वार्थ तुमच्या ध्यानात येईल. मी पेणचा, आजोळ रोह्याचे. तीस वर्षे कचेरीत खर्डेघाशी केली आणि जवळजवळ तितकीच वर्षे आमच्या भजनमंडळात झांज वाजवली. तेव्हा मी सहकाऱ्यांतलाही सहकारी. पखवाजवाल्याला निदान समोरचे लोक ओळखतात. झांजवाल्याला त्याची बायकोसुद्धा ‘तुम्ही कोठे बसला होता?’ असे विचारते. त्यामुळे मी निःपक्षपाती आहे, असा माझा दावा नाही. मी एका पक्षाचा वकील आहे. फक्त माझा पक्ष कधी कोर्टाची पायरी चढत नाही, एवढेच.

आता साथ म्हणजे काय, ते थोडे पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, गायक गातो आणि बाकीचे मागे ‘वाजवतात’. लग्नात भटजी मंत्र म्हणतात आणि मागे मुले फटाके वाजवतात, तसे काहीतरी! प्रत्यक्षात गोष्ट निराळी असते. समजा, गायकाचा नेहमीचा सूर काळी तीन आहे. पण लागोपाठ चौथी रात्र, गळा बसलेला. तो मागे वळून नुसते बोट खाली करतो. बॅन्जोवाला आणि कीबोर्डवाला गाणे सुरू व्हायच्या आत सगळी पट्टी खाली घेतात आणि समोर बसलेल्या हजार माणसांना पत्ता लागत नाही. गायक दुसरा अंतरा विसरतो आणि एकदम तिसऱ्यावर उडी घेतो. ढोलकीवाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो, एक तिहाई टाकतो आणि ती उडी जणू ठरलेलीच होती असे भासवतो. ठसका आला तर कोरसच्या मुली ध्रुवपद दोनदा म्हणतात आणि तेवढ्यात सम्राट पाणी पिऊन घेतात. टाळ्या कोणाला? सम्राटांना. पडणाऱ्याला झेलायचे आणि वर तो पडलाच नव्हता असे दाखवायचे, याचे नाव साथ. हे काम इतके चोख होते की, ते झाल्याचे कोणाला कळत नाही. न कळण्यातच त्याचे यश आणि न कळण्यातच त्याचे दुर्दैव.

‘हे असेच चालायचे’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे एकदा मान वळवून पाहावी. बालगंधर्वांचे नाटक ज्यांनी पाहिले, त्यांच्या आठवणी काढून वाचा. गंधर्वांच्या गळ्याबरोबर अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांची नावे त्यांच्या लेखणीतून आपसूक उतरतात. गंधर्व लहान होते म्हणून का? छे! ते एवढे मोठे होते की, शेजारी दुसऱ्याचे नाव लिहिल्याने त्यांचे काही कमी होत नव्हते. त्याच थिरकवांना पुढे १९७० साली भारत सरकारने पद्मभूषण दिले. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटीवर बसणारे गोविंदराव टेंबे. त्यांनी १९११ साली ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि मराठी रंगभूमीचे कानच बदलून टाकले. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींचा स्वर आणि एकंदर ५६ गीते, हे शाळेतले पोरही सांगेल. पण पुढे बाबूजींनी ज्या असंख्य सभांतून ते गायिले, तेथे प्रभाकर जोगांचे व्हायोलिन शेजारी होते आणि त्या व्हायोलिनला ‘गाते व्हायोलिन’ असे नाव मराठी माणसानेच दिले. म्हणजे वादकाला नाव देण्याची रीत आम्हाला ठाऊक नव्हती, असे नाही. ठाऊक होती, आम्ही ती टाकली.

बरे, ही झाली नाटक-मैफलीची, म्हणजे शहरी मंडळींची गोष्ट. आमच्या मुलखातली पाहू. जाखडीच्या नाचात गाणारे, ढोलकीवाला आणि झांजवाला मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. मधली जागा वाद्यांची! आगऱ्यांच्या लग्नात धवळारीण धवळे गाते. तिच्यामागून बाया ओळ उचलतात आणि त्या ओळ उचलणाऱ्या बायांशिवाय एकटी धवळारीण लग्न लावू शकत नाही. खालूबाजात तर गाणारा गळाच नाही. सनई, ढोल, टिमकी, झांज हेच सर्व काही. शाहिराच्या मागे उभा राहून ‘जी जी रं’ म्हणणारा झीलकरी काढून टाका, पोवाड्याचे व्याख्यान होते.

आणि सर्वांत मोठा पुरावा तर तुमच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेला असेल. हरिनाम सप्ताहाची पत्रिका! ती खाली काढा आणि चष्मा लावून वाचा. कीर्तनकाराचे नाव असते ते असतेच. पण त्याखाली मृदंगाचार्य कोण, गायनाचार्य कोण, विणेकरी कोण, चोपदार कोण, काकडा कोणाचा, हरिपाठ कोणाचा, दुपारची पंगत कोणाची आणि रात्रीचा चहा कोणाचा, इथपर्यंत नावे असतात. एका हातभर कागदावर पेण तालुक्यातले अर्धे गाव मावते. ज्या समाजाला चहा देणाऱ्याचे नाव लिहायला जागा सापडते, त्याच समाजाला ऑर्केस्ट्राच्या फलकावर ढोलकीवाल्याचे नाव लिहायला जागा सापडत नाही! जागेचा प्रश्न नाही, वाचकहो. दानतीचा आहे.

नावाची किंमत आम्हाला कळत नाही, असे म्हणायचीही सोय नाही. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला, तेव्हा या जिल्ह्याच्या एकाही डोंगराची उंची वाढली नाही की एकाही शेताचे पीक वाढले नाही. बदलले ते फक्त नाव. पण छाती फुगली. नावाने छाती फुगते, हे आम्हाला पक्के माहीत आहे. फक्त ती कोणाची फुगावी, हे आम्ही ठरवून ठेवले आहे.

आता गायकमंडळींना एक जुनी गोष्ट सांगतो. ती त्यांना लागू पडेल. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातले एक गाणे घरोघर गेले. त्याची तबकडी निघाली. तबकडीवर गाणारीचे नाव काय होते? ‘कामिनी’. कामिनी म्हणजे चित्रपटातले पात्र! गळा लता मंगेशकरांचा आणि नाव कथेतल्या बाईचे. श्रोते विचारू लागले, ही गाणारी कोण? तेव्हा कोठे खरे नाव लोकांपर्यंत पोचले. म्हणजे त्या काळी पार्श्वगायक हाही ‘आणि सहकारी’च होता. पडद्यावरचा चेहरा तेवढा खरा, मागचा गळा बिननावाचा. पुढे १९५७ साली फिल्मफेअरच्या समारंभात लताबाईंनी गायला नकार दिला. कारण संगीतकाराला पारितोषिक होते, पण ज्या गळ्यातून ते गाणे उतरले त्याला नव्हते. १९५९ पासून गायकाला पारितोषिक मिळू लागले. तात्पर्य, गायकांचे नाव आभाळातून पडलेले नाही. ते भांडून मिळवलेले आहे. मग ज्यांनी स्वतः भांडून नाव मिळवले, त्यांच्याच धंद्यातल्या वारसांनी मागे उभ्या असलेल्यांच्या नावावर पाय द्यावा, हा कोठला न्याय? शिडी चढून गेल्यावर ती वर ओढून घेणाऱ्याला आपल्याकडे चांगले म्हणत नाहीत.

याहून चमत्कारिक गोष्ट अँथनी गोन्साल्विसांची. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि त्यातल्या गाण्यामुळे हे नाव देशातल्या पोरासोरांच्या तोंडी झाले. रोह्याच्या जत्रेत ते वाजले असेल, पेणच्या वरातीत त्यावर लोक नाचले असतील. अंड्यातून बाहेर पडून नाव सांगणारा नायक सर्वांना आठवतो. पण हे नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे कितीजणांना ठाऊक होते? गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे, वाद्यमेळ लिहून देणारे. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय सिंफनीचा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यांच्यासाठी गायिले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालांनी व्हायोलिन शिकले ते त्यांच्यापाशी आणि गुरूचे नाव कोठेतरी राहावे म्हणून शिष्याने ते गाण्यात घातले. ते २०१२ साली वारले. पाहा गंमत! साऱ्या देशाने नाव गुणगुणले, पण माणूस अनामिकच राहिला. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांमागे जो व्हायोलिनांचा समुद्र उसळतो, त्याची भरती-ओहोटी कागदावर लिहून देणारे सेबॅस्टियन डिसोझा. त्यांचे नाव तरी किती घरांत माहीत आहे? आम्ही समुद्र ऐकला आणि लाटेवरच्या होडीला हार घातला.

‘नावात काय आहे, काका? पैसे मिळाले म्हणजे झाले,’ असे एक मंडळाचे तरुण चिटणीस मला म्हणाले. नावात काय आहे ते सांगतो. नावात पैसेच आहेत. आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ सालचा. त्यात प्रथम कलाकारांचा विचारच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात ‘सादर करणारा कलाकार’ आला आणि कलाकार म्हणजे कोण, याची यादी झाली: नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारासुद्धा. बघा, कायद्याने वादकाला गायकाच्या मांडीला मांडी लावून बसवले आहे. गारुड्यालाही मान दिला आहे. पुढे १९९९ साली हा हक्क पन्नास वर्षांचा झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी उपयोगातून कलाकाराला स्वामित्वधनही मागता येऊ लागले. गायकांनी २०१३ साली आपली संस्था उभारली. पुढे वादकांनाही तिच्या नावात जागा मिळाली. पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ, प्रसंगोपात्त आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेच येत नाही, त्याला फार थोडे अपवाद सोडून कलाकार समजायचे नाही! म्हणजे काय झाले? रिवाजाने नाव खाल्ले आणि नाव नाही म्हणून हक्क गेला. आधी पाटी पुसायची आणि मग ‘तुमचे पाटीवर नाव कोठे आहे?’ असे विचारायचे. गावच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट चित्रपटाहून निराळी आहे, हे मी जाणतो. पण तेथेही हक्क मागायचा तर ‘ही ढोलकी माझी’ हे आधी सिद्ध करावे लागते. ते कशाने करणार? ढोलकीला काही बोलता येत नाही. म्हणजे बोलता येते. पण साक्ष देता येत नाही.

हे नुसते वकिली कीस काढणे नव्हे. पेणपासून फार दूर नाही अशा एका गावातला एक ढोलकीवाला मी ओळखतो. त्याचे नाव येथे लिहीत नाही. ते फलकावर लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे. वीस-बावीस वर्षे तो एका गायकाबरोबर फिरला. एक गाणे हळदीच्या रात्री घरोघर वाजते, ते त्याच्या ढोलकीच्या सुरुवातीनेच ओळखू येते. ती सुरुवात ऐकली की म्हातारीही पदर खोचते. ते गाणे मुद्रित केले तेव्हा त्याला एका नाइटचे पैसे मिळाले. कागद कसलाच झाला नाही. आज तो गायक कार्यक्रमाला एकटा येतो. खिशात एक पेन ड्राइव्ह असतो. त्यात सगळ्या गाण्यांचे ट्रॅक. पेणच्या रंगमंचावर वादक गेले आणि पेन आले! त्या ट्रॅकमध्ये ढोलकी कोणाची वाजते? त्याचीच. ढोलकी कार्यक्रमाला जाते आणि ढोलकीवाला घरी बसतो. मी त्याला विचारले, ‘अरे, तू कधी नाव का मागितले नाहीस?’ तो म्हणाला, ‘काका, नाव मागितलं असतं तर पुढच्या नाइटला दुसरा आला असता.’

येथे खरी गोम आहे. ज्याचे नाव माहीत नाही त्याला काढून टाकणे सोपे असते. गायकाच्या जागी दुसरा गायक उभा केला तर लोक खुर्च्या आपटतील. कारण फलकावर नाव होते. ‘आणि सहकारी’ यांच्या जागी पेन ड्राइव्ह ठेवला तर कोण खुर्ची आपटणार? सहकारी होते कोण, हेच कोणाला सांगता येत नाही. फलकावरून नाव गेले तेव्हाच रंगमंचावरून माणूस निघाला होता. यंत्राने फक्त रिकामी जागा व्यापली.

आता माझ्याविरुद्ध जे बोलले जाते त्याचा समाचार घेतो.

पहिला आक्षेप: लोक गायकाला ऐकायला येतात. कबूल. मी कोठे म्हणतो की, झांजवाल्याचा पुरुषभर फोटो लावा? गायकाचे नाव मोठे असू द्या, बिदागीही मोठी असू द्या. सुपारी तो घेतो, गाडी तो ठरवतो, पाऊस पडून कार्यक्रम बुडाला तर तोंड तो देतो. त्या जोखमीचे पैसे त्याने खुशाल घ्यावेत. पण जोखीम ही पैशाची बाब आहे, नाव ही कामाची. ज्याने काम केले त्याचे नाव लिहिल्याने गायकाच्या बिदागीतला एक रुपया कमी होत नाही.

दुसरा आक्षेप: गायक हा इंजिन आहे, बाकीचे डबे. ठीक. आमचे रोहे हे कोकण रेल्वेच्या आरंभाचे गाव आहे; इंजिनाची थोरवी आम्हाला शिकवू नये. पण नुसते इंजिन यार्डात पुढे-मागे करते. गावाला पोचायचे तर माणसे डब्यातच बसतात.

तिसरा आक्षेप: फलकावर जागा नसते. हा ऐकून मला हसू आवरत नाही. त्याच फलकावर मी मागल्या साली डोकी मोजली. माजी, आजी आणि भावी नगरसेवक, वाढदिवसानिमित्त शुभेच्छुक, त्यांचे मित्रमंडळ, एकूण चेहरे सदतीस. यांतला एकही जण त्या रात्री एक मात्रासुद्धा वाजवणार नव्हता. आणि लग्नाच्या पत्रिकेत तर आपण अडीच वर्षांच्या पोराचे नाव घालून ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ असे त्याच्याकडून वदवतो. अडीच वर्षांच्या पोराला जागा आहे. अडीच तास हाताची कातडी सोलून घेणाऱ्याला नाही!

चौथा आक्षेप: वादक स्वतः काही म्हणत नाहीत. ज्याची चूल पुढच्या बोलावण्यावर पेटते तो काय म्हणणार? न बोलणाऱ्याला संमती आहे असे मानायचे, तर मग बैलाला नांगर फार आवडतो असेही म्हणावे लागेल.

पाचवा आक्षेप: ते सारे पैशासाठीच वाजवतात. मग गायक काय पंढरीच्या पुण्यासाठी गातो?

पेणच्या माणसाला हे पटवणे खरे तर अवघड जाऊ नये. आमचे गाव गणपतींचे. गणपतीच्या कारखान्यात जाऊन पाहा. कोणी शाडू मळतो, कोणी साच्यात भरतो, कोणी हात-सोंड जोडतो, कोणी घासून गुळगुळीत करतो, कोणी रंग चढवतो आणि शेवटी एक कसबी कारागीर येऊन डोळ्यांची आखणी करतो. आखणी झाली की मातीत जीव आला, असे आपण म्हणतो आणि आखणी करणाऱ्याला मान देतो. तो द्यायलाच हवा. गायक हा आमच्या कार्यक्रमाचे डोळे काढणारा. पण डोळे काढायचे कशावर? हवेत?

तेव्हा माझे मागणे थोडे आहे आणि ते गायकांपाशी नाही, सरकारपाशी नाही. ते तुमच्यापाशी आहे. कारण वर्गणी तुम्ही देता. दारी पावतीपुस्तक घेऊन पोरे येतात, तेव्हा तुम्ही ‘यंदा कोणाचे गाणे?’ म्हणून विचारता. पुढल्या खेपेस आणखी एक प्रश्न विचारा: ‘ढोलकीवर कोण?’ एवढेच. पेण-रोह्यातल्या शंभर घरांतून हा प्रश्न आला की, चिटणीसाला उत्तर शोधावे लागेल आणि उत्तर सापडले की, ते फलकावर लिहायला काय हरकत आहे, असे त्यालाच वाटू लागेल. फलकावर प्रत्येक वादकाचे नाव आणि पुढे त्याचे वाद्य, एवढा सप्ताहाच्या पत्रिकेचा कित्ता गिरवा. मंडळाच्या हिशेबात गायकाची बिदागी आणि वादकांची बिदागी निरनिराळी लिहा. आणि वादकाचे पैसे वादकाच्या हातात पडले की नाही, ते मंडळाच्या कोणीतरी पाहा. आणि गावातल्या कोणाचे गाणे मुद्रित होत असेल, तर त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाचे नाव एका कागदावर उतरवून खाली सह्या घ्या. कागद एक, सह्या आठ, वेळ दहा मिनिटे. पण पन्नास वर्षे टिकणाऱ्या हक्काची तीच नाळ आहे.

गायकांनाही एकच विनंती. ‘वन्समोअर’ची आरोळी उठते, तेव्हा एकदा मागे वळून हात करा आणि एकेकाचे नाव घ्या. बालगंधर्वांचे त्याने काही बिघडले नव्हते. तुमचेही बिघडणार नाही. उलट, पट्टी खाली घ्यायची वेळ येईल त्या रात्री तुम्हाला झेलायला मागे कोणी तरी जिवंत माणूस असेल. पेन ड्राइव्हला बोट दाखवून पाहा. तो सूर खाली घेत नाही. अंतरा चुकला तर तो तुम्हाला तसाच उघड्यावर टाकून पुढे निघून जातो.

घरोघर दिवे लागले आहेत. पणतीत तेल असते, वात असते, खाली माती असते. आपण नाव घेतो ते ज्योतीचे. पणतीच्या बाबतीत ते चालून जाते, कारण तेल काही रुसत नाही आणि मातीला पोरेबाळे नसतात. माणसांच्या बाबतीत हा हिशेब चालू देऊ नका. ‘आणि सहकारी’ हे कोणाच्याही आईने पाळण्यात ठेवलेले नाव नव्हे.